आधी चुकीचं काढावं

म्हाळ लागले की आमच्या आळीत कावळ्यांचा भाव वधारतो. एरवी ज्याला दगड मारून हाकलतात त्याच्यासाठी पत्र्यावर पान ठेवून माणसं हात जोडून उभी राहतात, आणि तो शहाणा आधी वडा खावा की भजं याचा विचार करत बसतो. आज सकाळपासून खिरीचा, तळणीचा वास येतोय. समोरच्या घरी थोरल्या भावाचं पान वाढलंय. जिवंत असताना त्या भावाला या घरात चहासुद्धा उंबऱ्याबाहेर मिळायचा. आता कढी आहे, भोपळ्याची भाजी आहे, आमसुलाची चटणी आहे, आणि सगळं घर अंगणात येऊन 'का का' म्हणून त्याला बोलावतंय. मला हसू येतं. मी हसलो की सून रागावते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसावर रागावून तिच्या हाती काय लागणार?

बाहेर भादव्याचं ऊन आहे. हे ऊन डोक्यावर पडत नाही, मानेवर बसतं. खालून ओली जमीन वाफ सोडते आणि वरून हे. उसाच्या पट्ट्यात तर वारा म्हणून शिरत नाही. चाळीस वर्षांपूर्वी अशाच उन्हात मी बैलगाडीतून लासुर्ण्याला गेलो होतो आणि तिथे एका बाईचं वाटोळं करून आलो. ते काम माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे, आणि याचा मला अजूनही अभिमान वाटतो. वाटू नये हे मला कळतं.

आम्ही जिनगर. आजोबांनी घोड्यांची खोगिरं शिवली, वडिलांनी पालख्या मढवल्या, आणि माझ्यापर्यंत येईतो बारामतीत घोडी टांग्यापुरती उरली. म्हणून हाताला येईल ते मी केलं. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नाटक कंपन्यांचे पडदे केले, गुळाच्या बारदानावर मारायचे छाप पत्र्यात कापले, लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती काढले, बेंदराला बैलांची शिंगं रंगवली. आषाढ लागला की गणपती. गणपती बोळवले की हात रिकामे व्हायचे, आणि लागलीच मेलेल्यांचा पंधरवडा. देव बुडवून झाले की माणसं काढायला घ्यायची, असा माझा वर्षाचा शिरस्ता होता.

लोकांना वाटायचं, पेंटरला दहा विद्या येतात. दहा नव्हत्या, एकच होती. आपण केलेली वस्तू कोण बघणार आणि कुठून बघणार, एवढं आधी ठरवायचं. गुळाच्या प्रत्येक अडत्याला छापात मोर हवा असायचा. पिसारा फुलवलेला, शक्य तर खाली लक्ष्मी. पत्र्याचा मोर वीस पोत्यांनंतर काजळी भरून कोंबडा होतो आणि चाळीस पोत्यांनंतर कसलाच पक्षी राहत नाही. मी त्यांना नुसतं उसाचं एक पान कापून द्यायचो. अडते तोंड वाकडं करायचे, पण दौंडाच्या धक्क्यावरचा अडाणी हमाल ते पान शंभर पावलांवरून ओळखायचा. पडद्यांचंही तेच. राजवाड्याचे खांब मी जवळून बघितले तर हसू येईल इतके जाड काढायचो. एका कंपनीच्या मालकाने त्यावरून माझी अक्कल काढली. मी त्याला पिटातल्या शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं आणि बत्त्या लावायला सांगितल्या. गडी गप्प झाला. कुणाला असं गप्प बसवण्याची मला फार हौस होती.

पण माझी खरी युक्ती निराळी. ती मला एका हलवायाच्या पाटीवर सापडली. त्याला विचारलं, अक्षरं कशी हवीत? तो म्हणाला, चांगली काढा. चांगली म्हणजे कशी ते त्याला सांगता येईना. वैतागून मी एक मुद्दाम घाणेरडं, लोंबणारं अक्षर काढलं. त्यासरशी तो उठला आणि घडाघडा बोलायला लागला. हे असं लोंबतं नको, पाय सरळ हवेत, वरची रेघ जाड हवी, वेलांटीला गोलाई हवी. माणसाला काय हवं ते त्याला ठाऊक नसतं, काय नको ते मात्र तोंडपाठ असतं. तेव्हापासून मी ठरवलं, आधी चुकीचं काढावं.

मेलेल्यांच्या तसबिरींना ही रीत फार लागू पडली. त्या काळात फोटो होता कुणाकडे? बाप मेला, बायको मेली, की लोक यायचे आणि म्हणायचे, पेंटर, तोंडावर तेज दाखवा. तेज म्हणजे नाक नव्हे. मी शाळेची पाटी घ्यायचो, पेन्सिल घ्यायचो, घरची माणसं समोर बसवायचो आणि त्यांच्या मेलेल्या माणसाचं तोंड वाकडंतिकडं काढायला लागायचो. कन्हेरीच्या एका माळवं-भाजी विकणाऱ्याच्या बायकोला मी पुढे आलेले दात काढले. दहा मिनिटं मक्ख बसलेल्या त्या माणसानं पाटी माझ्या हातातून हिसकली आणि म्हणाला, "तिचं दात असं नव्हतं. तिच्या दाताकडं बगून मी तिला करून घेतली व्हती." मग तो दातांविषयी बोलत राहिला. बायको असताना तिच्याशी तो इतका वेळ कधी बोलला नसेल. मी काढत राहिलो. रडणाऱ्या माणसाकडून नाकडोळे चांगले मिळतात, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे लोकांना रडवायला कधी लाजलो नाही.

त्या वर्षी गणपती नुकतेच बोळवले होते. लासुर्ण्याचे रंगराव माझ्या दारात येऊन उभे राहिले. तिशीचा माणूस, कालव्यावरचा बागायतदार, गुळाच्या पैशानं नवं घर बांधलेलं.

"थोरलीची तसबीर काढायचीया," ते म्हणाले. "नवमीच्या आत."

नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना त्या दिवशी जेवू घालतात.

"फोटो हाय का?"

"न्हाय. आयेनं काढू दिला न्हाय. फोटू काढला की आयुष्य तुटतं म्हनली."

"मग न काढून किती वाढलं?" मी विचारलं.

रंगरावांची थोरली बायको गोदा चार वर्षांपूर्वी पटकीनं एका दिवसात गेली होती. दुसरी, हौसा, वर्षाच्या आत आली. हौसाची दोन पोरं पोटातच गेली. देवऋषी बोलला की पहिलीचा जीव घरात जागा मागतोय. जागा म्हणजे तसबीर, हे रंगरावांच्या आईनं, बायजाक्कानं ठरवलं. आणि तिनं आणखी एक ठरवलं होतं, ते मला गाडीवानाकडून वाटेत कळलं. या नवमीला गोदाचा जीव शांत झाला तर ठीक, नाहीतर हौसाला कायमची माहेरी पाठवायची. इंदापूरच्या बाजूची एक मुलगी बघूनही ठेवली होती.

म्हणजे मी काढणार त्या चित्रावर हौसाचा संसार टांगलेला होता. मला ते ऐकून वाईट वाटलं नाही. काम महत्त्वाचं आहे असं वाटलं.

नव्या घराला नव्या चुन्याचा वास होता. मंगलोरी कौलं, सोप्यात झोपाळा, परसात गवारीच्या शेंगांचा ढीग. हौसा पाणी घेऊन आली. सतरा-अठराची असेल. गळ्यात डोरल्याच्या शेजारी चांदीचा बारीक टाक, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. सवतीचा टाक. मेलेली सवत गळ्यात वागवायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं. ठोकणाऱ्यानं डोळ्यांच्या जागी दोन टिंबं दिली होती, आणि मी मनात त्याला शिव्या दिल्या.

पहिल्या दिवशी पाटी घेतली. नाक काढलं, मुद्दाम बसकं. बायजाक्का म्हणाली, "अगं बया, गोदीचं नाक कसं सरळ व्हतं, सुरीवानी."

रंगराव म्हणाले, "सरळ कुठलं? शेंड्याला वर व्हतं जरा."

"तू कवा बगितलंस तिच्या नाकाकडं?"

"मी न्हाय बगितलं तर कुनी बगितलं?"

दोघं भांडायला लागली आणि मी खूश झालो. भांडणातून चेहरा येतो. पण त्या दिवशी येईना. मी डोळे बारीक काढले, दोघंही म्हणाली मोठे होते. मोठे काढले, तर दोघंही गप्प. कपाळ रुंद काढलं, अरुंद काढलं, कशावर कुणी चिडेना. संध्याकाळी रंगराव पाटीकडे बघून म्हणाले, "असंलबी असं." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे दोघे गोदाला विसरलेत. चार वर्षांत त्यांच्या मनातून तोंड पुसलं गेलं होतं आणि नुसतं नाव उरलं होतं. रंगरावांनाही ते त्याच क्षणी कळलं. त्यांचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, अंगलट, खांदे, पदर, हे मी समोर बघूनच काढतो. धाकट्या वैनींना थोरलीचं लुगडं नेसवून बसवा. बायजाक्कानं ट्रंकेतून गोदाचं इरकली काढलं, नथ काढली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या, त्यांचा वास सोपाभर झाला. हौसा ते लुगडं हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मेलेल्या सवतीच्या कपड्यात शिरायला कुणाला आवडेल? पण नाही म्हणायची तिची जागा नव्हती. ती नेसून आली आणि पाटावर बसली. शेजारी बायजाक्का गवार मोडत राहिली.

तीन दिवस मी तिच्याकडे बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान. वरचा ओठ आखूड, त्यामुळे तोंड कधी पुरतं मिटायचं नाही आणि आता काही बोलेल असं वाटत राहायचं. हनुवटी एका बाजूला झुकलेली. असा चेहरा हाती लागायला पेंटरानं आयुष्यभर वाट बघावी. याला कुणी प्रेम म्हणेल, तर ते तसं नव्हतं. उपाशी माणसाला भाकरी बघून वाटतं ते होतं. तिला घाम आला तर मी पुसू द्यायचो नाही, ओठावरचा घाम मला हवा होता. तिचे पाय मुंग्यांनी भरले तर मी म्हणायचो, हलू नका, आता थोडंच राहिलंय. ते थोडं दोन दोन तास चालायचं.

एकदा बायजाक्का आत गेली तेव्हा हौसानं ओठ न हलवता विचारलं, "दादा, मेल्यालं मानूस चित्रातनं खरंच बगतं का?"

"बगतं की," मी म्हटलं. तिच्या डोळ्यात तेव्हा जे आलं ते मला टिपायचं होतं.

"मग तिला सांगा, म्या तिचं कायबी घेतलं न्हाय. दिलं त्येच नेसते, दिलं त्येच खाते."

मी ते डोळे टिपले. सांगायचं म्हणाल तर सांगणार कुणाला?

मांजरपाटावर सरस आणि सफेद्याचा हात दिलेला होताच. चौथ्या दिवशी मी चेहऱ्याला हात घातला आणि सरळ हौसाचा चेहरा काढला. जसाच्या तसा, लहानमोठ्या डोळ्यांसकट. मनाशी म्हटलं, ही आपली मोठी चूक. पाटीवरच्या लहान चुकांना ही माणसं दाद देत नाहीत, तेव्हा त्यांना एकदम भली थोरली चूक दाखवू. जिवंत बायको मेलेलीच्या जागी बघून म्हातारी पेटेल, रंगराव संतापतील, आणि त्या संतापातून गोदा बाहेर पडेल. मग चेहरा पुसून नवा करता येईल. असं मी मनाशी म्हटलं खरं, पण पुसायचं म्हणून कुणी पापण्यांचे केस एकेक काढत नाही. मी काढले होते.

अष्टमीच्या सकाळी तसबीर सोप्यात टेकवली आणि वरचं फडकं काढलं. मी चिडचिडीची वाट बघत उभा होतो. बायजाक्का पुढे आली, जवळून बघितलं, आणि तिनं गुडघ्यावर बसून कपाळ बडवून घेतलं. "गोदे, आलीस गं बाई." रंगराव खांबाला धरून उभे होते. तिथूनच म्हणाले, "व्हय. हीच. नाकाचा शेंडा मी म्हनलो तसाच हाय."

ती दोघं खोटं बोलत नव्हती. रोज ताटावर, चुलीपाशी, गोठ्यात जो चेहरा डोळ्यांसमोर होता तोच त्यांच्या मनात मागे मागे पसरत जाऊन गोदाच्या रिकाम्या जागी बसला होता. रंगावर रंग चढला की खालचा दिसत नाही. हे मला धंद्यातून ठाऊक असायला हवं होतं.

हौसा दारात उभी होती. तिच्या घरात आरसा होता, कळशीतलं पाणी होतं. तिला कळलं. तिनं चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडातून शब्द काढला असता तर चित्र नाकारलं गेलं असतं आणि गोदाचा जीव पुन्हा भटकत राहिला असता. मग हौसाची ट्रंक गाडीत गेली असती. ती बोलू शकत नव्हती. मी बोलू शकत होतो. एवढंच म्हणायचं होतं की चूक झाली, दोन दिवस द्या. पण म्हातारी रडत होती, शेजारपाजार गोळा होऊन बोटं तोंडात घालत होता, आणि एवढं कौतुक मला बारामतीत दहा वर्षांत मिळालं नव्हतं. मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी, नवमीला, तसबिरीला कुंकू लागलं, हार पडला, समोर पान वाढलं गेलं. जिवंत माणसाच्या तसबिरीला आपण चुकूनही हार घालत नाही. हौसानं तो आपल्या हातानं घातला, कारण धाकटीनं थोरलीला घालायचा असतो. मग तिनं नमस्कार केला. कावळा लगेच शिवला. बायजाक्का म्हणाली, गोदी तृप्त झाली.

मी निघालो तेव्हा गोठ्यापाशी हौसानं मला थांबवलं. हातात शेणाची पाटी होती.

"दादा, एक तीळ काढा तिच्या गालावर. कुठंबी. बारकासा."

"कशाला?"

"म्हंजी ती मी न्हाय, ह्ये मला तरी कळंल. दुसऱ्या कुनाला न्हाय कळलं तरी चालंल."

एक तीळ. ब्रश काजळीत बुडवून टेकवायचा अवकाश. रंग अजून ओला होता, पेटी माझ्या काखेत होती. मी म्हटलं, "वैनी, सही केल्यावर मी चित्राला हात लावत नाय. चित्र नासतं."

हे धडधडीत खोटं होतं. सही केल्यावर मी कितीतरी चित्रांना हात लावला होता. एका नटाच्या हट्टासाठी पडद्यावरच्या राजाला मिशा दिल्या होत्या, एका सावकाराचं पोट कमी केलं होतं. पण तो गाल मला जमला होता. कानापासून ओठापर्यंत रंग असा उतरला होता की त्यावर मला माशीसुद्धा बसलेली खपली नसती. तिचं आयुष्य एका बाजूला आणि माझा गाल एका बाजूला, आणि मी गाल निवडला. ती शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडे गेली.

घरी येऊन मी ही हकीकत बायकोला रंगवून सांगितली. मला वाटलं, हसेल. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली आणि म्हणाली, "तुमाला मानूस दिसतं का नुसतं त्याचं नाक दिसतं?" त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली नाही. मी त्याला बायकी अज्ञान म्हणालो. पुढे म्हाळ आले की ती दरवर्षी हौसाच्या नावानं एक वाटी खीर बाजूला काढून ठेवायची. जिवंत बाईच्या नावानं काढू नये, असं मी म्हटलं की म्हणायची, "तुमी हार घातला तवा न्हाय सुचलं?"

आणखी एक गोष्ट झाली, आणि त्या गोष्टीनं मला पुष्कळ वर्षं पांघरूण दिलं. पुढच्याच वर्षी हौसाला मुलगा झाला. देवऋषी खरा ठरला, तसबीर पावली, इंदापूरची मुलगी दुसरीकडे उजवली. मी स्वतःला सांगायचो, बघ, तुझ्या चित्रानं तिचा संसार राखला. राखलाच होता. पण त्या संसारात ती कोण म्हणून राहत होती, ते मी दरवर्षी बघत होतो. म्हाळाला रंगराव मला मानानं जेवायला बोलवायचे, आणि मीही जायचो, कारण मला माझं चित्र बघायचं असायचं.

चित्र सतराचंच राहिलं. हौसा मात्र वाळत गेली. पोराच्या पाठीवर एक मुलगी झाली आणि गेली, तेव्हापासून तिचे गाल बसले, केस विरळ झाले. वर्षागणिक दोघींमधलं अंतर वाढलं. बायजाक्का पाहुण्यांना तसबीर दाखवायची आणि हौसाच्या समोर म्हणायची, "रूप म्हंजी रूप व्हतं आमच्या गोदीला. ही तिच्या पासंगाला पुरायची न्हाय." पाहुणे आधी चित्राकडे, मग हौसाकडे बघून मान हलवायचे. आपल्याच तोंडापुढे उभं राहून आपण तिच्यासारख्या नाही हे ऐकायचं. भाकरी करपली तरी तसबिरीकडे बोट, पोर रडलं तरी तसबिरीकडे बोट. एकदा हौसा तसबिरीच्या काचेत बघून कुंकू लावत होती. बायजाक्का मला म्हणाली, "बगा, सवतीची नक्कल करती." मी हसलो. यजमानीणबाई बोलल्यावर पाहुण्यानं हसायचं असतं. हौसानं काचेतूनच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोसलं असतं. ती नुसती कुणीतरी अनोळखी आलाय असं बघत होती.

मला त्या वेळी लाज वाटली. पण जेवून उठलो तेव्हा मी पुन्हा तसबिरीजवळ जाऊन तो गाल बघितला, आणि लाज गेली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी, पुन्हा म्हाळांतच, रंगराव बारामतीला आले. मिशीत पांढरं आलं होतं. उन्हातून आले होते म्हणून मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "पेंटर, हौसा गेली. वैशाखात. तापानं."

आत बायकोच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

"तिचीबी काढायची. नवमीला दोघी शेजारी शेजारी असाव्यात."

मी पाटी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी आधी चुकीचं काढलं नाही. लागत नव्हतं. मला ती तोंडपाठ होती. डावा डोळा लहान, आखूड ओठ, झुकलेली हनुवटी. हात थांबला नाही. मला वाटत होतं की मी काहीतरी परत करतोय. पाटी वळवून मी रंगरावांपुढे धरली.

रंगराव पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेंटर, चेष्टा करू नगा. ही गोदा हाय."

"ही हौसा हाय, रंगराव." मी म्हटलं. "घरात टांगल्याली हाय तीबी हौसाच. थोरलीचं तोंड तुमाला कुनालाच आठवंना, म्हून मी हिचं काढलं. माझी चूक झाली. तवाच सांगाय पायजे व्हतं."

रंगराव रागावले नाहीत. वेड्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतकी वर्सं घरात व्हती ती. मला ठावं न्हाय व्हय हौसा कशी व्हती?" मग बोट पुढे करून त्यांनी पाटीवर दाखवायला सुरुवात केली. "नाक हितं बसकं करा. डोळं एवढं मोठं नव्हतं. व्हट जाड. रूपानं बेताचीच व्हती बिचारी, पर कामाला वाघ."

आतून बायको दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि रंगराव सांगतील तसं काढत गेलो. नाक, डोळे, ओठ. ते दुरुस्त करत होते, मी पुसत होतो. तासाभरानं पाटीवर एक बाई आली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. रंगरावांनी पाटी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली, म्हणाले, "व्हय, ही आमची हौसा," आणि तिच्याकडे बघून ते रडायला लागले.